चौथा कागद

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. देवासमोर हात जोडते तेव्हाही एवढं सोडून बाकी सगळं सांगते — जणू त्याला ठाऊकच नसेल. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आधी माझं काम सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगू? कामाबद्दल बोलायला मला सोपं जातं, म्हणूनही.

मी भंडाऱ्यात राहते. नवरा शाळेत मास्तर आहे, आणि मी घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं काम करते. तिकडे अमेरिकेत डॉक्टर पेशंट तपासतात, त्या भेटीचं टिपण लिहितात. ते टिपण वाचून त्या भेटीला बिलासाठी कोणता कोड द्यायचा, हे आम्ही इकडे ठरवतो. म्हणजे काय, तर त्या दिवशी डॉक्टरला डोकं किती चालवावं लागलं हे मापायचं. आजार किती गंभीर होता, डॉक्टरला माहिती किती पाहावी लागली, आणि इलाजात धोका किती — या तीन गोष्टी. पहिली आणि तिसरी समजते लवकर. मधली, ती माहितीची, नव्या पोरींना रडवते. मला नाही रडवलं कधी. मी त्यात इतकी तरबेज की कंपनीत कुणी अडलं तर म्हणायचे, शीला मॅडमला विचारा.

नियम असा. एक तपासणी म्हणजे एक. रक्ताच्या कागदावर वीस ओळी असोत, तो कागद एकच धरायचा. दुसऱ्या दवाखान्यातलं टिपण वाचलं, एक. पेशंटला स्वतःची हकीकत सांगता येत नाही — फार म्हातारा आहे, नीट शुद्धीवर नाही — आणि ती घरच्या माणसाकडून घ्यावी लागली, तर तेही एक. असे तीन जमले की माहिती 'मध्यम'. तिथून वर जायला वेगळ्याच गोष्टी लागतात. नुसता चौथा, पाचवा कागद मोजून भेटीचा दर्जा वाढत नाही. म्हणून तीन सापडले की थांबायचं. नव्या पोरींना मी हेच घोकून घ्यायची. कुणी चौथ्या कागदात डोकं घालून बसलेली दिसली की म्हणायची — तीन भेटले ना? मंग कायले वाचून राहिली?

कागदात लिहिलंय काय, हे आम्ही बघत नाही. कागद आहे की नाही, एवढंच बघतो. हेही मीच शिकवायची.

आणि आमच्या कामात आणखी एक वाक्य आहे, पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात. जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. ते लक्षात ठेवा. मी त्या वाक्याचा फार वाईट उपयोग केला आहे.

माझं माहेर अड्याळचं. तिथं माझा मोठा भाऊ राहायचा — दादा. बी-बियाणं आणि खताचं दुकान, जोडीला धानाची शेती. घरात आई, वहिनी आणि तो. त्यांना लेकरू झालं नाही, त्याचं दुःख त्यानं कधी वहिनीला जाणवू दिलं नाही, आणि आईला बोलू दिलं नाही. मी अर्धा दिवस माहेरी गेले तरी दुकानात बसवायचा, आणि युरिया घ्यायला आलेल्या माणसाला सांगायचा, "ही माही बहीण. अमेरिकेच्या डॉक्टरायच्या चुका काढते." मी म्हणायची, दादा, चुका नाही काढत, कोड देते. तो म्हणायचा, तेच ते. गावात मग मला अर्धी डॉक्टरीण म्हणू लागले. कुणी गोळ्यांचं पाकीट दाखवायचं, कुणी सोनोग्राफीचा कागद. मला कळायचं की मी डॉक्टर नाही. पण सांगू का — आवडायचं. बारावीला कमी गुण पडले म्हणून जे झाले नाही, ते गावानं परस्पर करून टाकलं होतं. मी नको म्हणायची, पण मोठ्यानं नाही.

दादाला खोकला लागला होता. उन्हाळ्यापासून. तो म्हणायचा, खताची धूळ. वहिनी म्हणायची, दवाखान्यात चला. तो हो म्हणायचा आणि दुकान उघडायचा. आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला, गावात बाई-माणूस मिळेना इतकी घाई, आणि त्यातच एक दिवस तो खत आणायला म्हणून पवनीला गेला आणि तिथं डॉक्टरला दाखवून आला. घरी सांगितलं नाही. वहिनी घाबरेल, आई जेवायची नाही, म्हणून. डॉक्टरनं तपासण्या लिहून दिल्या होत्या, त्या त्यानं तिथंच केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन रिपोर्ट घेतले. आणि बसस्टँडवर उभं राहून त्यांचे फोटो काढून मला पाठवले.

चार फोटो होते.

दुपारची वेळ होती. माझ्यापुढं फायलींची रास होती आणि त्या दिवशी माझं काम तपासलं जाणार होतं. फोन वाजला, मी बघितलं — दादा. पहिला फोटो उघडला. रक्त. सगळ्या ओळी ठीक. दुसरा, साखर. ठीक. तिसरा, थुंकीची तपासणी. टीबी नाही. चौथा अजून धूसरच होता, वर तो खाली बाण असलेला गोल. त्यावर बोट ठेवायचं होतं फक्त.

नाही ठेवलं.

का? मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. घाई होती, हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. डोक्यात तीन मोजून झाले होते. वर्षानुवर्षं तीनवर थांबायची सवय हातात मुरली होती, आणि हात थांबला. माझ्या भावाचे कागद मी वाचले नाहीत — मोजले. चौथा छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट होता. तिन्हींत काही नव्हतं, जे होतं ते तिथंच होतं.

खाली त्यानं बोलून पाठवलं होतं. आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो, मागं बसचा हॉर्न आहे, मधे खोकला आहे. "शीला, डॉक्टरनं रिपोर्ट घेऊन ये म्हटलं होतं. तो आज चार वाजता बसते. थांबू का? तिकडं बांधीत रोवण्याला बाया लागल्या आहेत. तू सांग तसं करतो."

तू सांग तसं करतो.

मी लिहिलं — सगळे नॉर्मल आहेत. थांबायची गरज नाही. रोवणा आटोप, खोकल्याचं औषध घे, वाफ घे. आणि पुढं एक हसरा चेहरा टाकला. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुढच्या बसनं गावी गेला.

त्या दिवशी माझ्या कामात एकही चूक निघाली नाही. तपासणाऱ्यानं शाबासकीचा मेल पाठवला, मी तो नवऱ्याला दाखवला, आणि आम्ही बाहेरून समोसे आणून खाल्ले.

यापुढचं जे आहे, ते घाईत झालेलं नाही. तिथं मी शुद्धीवर होते. ही चूक कुणाच्याही हातून झाली असती, असं कुणी म्हणेल कदाचित, म्हणून मी पुढचं सांगते आहे.

दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि दादाचा श्वास पुरेना. दुकानाची पायरी चढला की बसायचा. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा वहिनीनं मला फोन केला आणि आम्ही त्याला आधी भंडाऱ्यात, मग नागपूरला नेलं. मी अजूनही विसरलेली होते. खरंच. त्या दुपारची आठवणच नव्हती मला. ती आली भरती करायच्या दिवशी — मोफत इलाजाच्या सरकारी योजनेसाठी त्याचं आधार आणि रेशनकार्ड आणायला मी अड्याळला गेले तेव्हा. दुकानाच्या फळीवर, धानाच्या बियाण्याच्या पाकिटांमागं, पिवळा मोठा लिफाफा होता. वर पवनीचं नाव. मी उघडला. फिल्म मला वाचता येत नाही. सोबतचा कागद येतो. शेवटची ओळ होती — उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लहान गाठीसारखी सावली, पुढच्या निदानासाठी सीटी स्कॅन करावा, डॉक्टरांना भेटावं. तारीख आषाढातली.

मी खताच्या पोत्यावर बसले. फोन काढून तो जुना संदेश शोधला, चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. आता तो उघडत नव्हता. उशीर झाला होता, फोनच्याही हिशेबानं.

तेव्हा मी रडले असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही. मी लिफाफ्याची घडी करून पर्समध्ये घातली. आधी घातली, मग इकडंतिकडं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. वहिनी आत माझ्यासाठी चहा करत होती. मी तो प्याले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण आली, हातात फॉर्म. दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. तिनं विचारलं, हकीकत कोण सांगेल? वहिनी मागं सरली आणि मला पुढं केलं. "शीलाबाई सांगतीन. त्यायले समजते सगळं."

पेशंटऐवजी हकीकत सांगणारं माणूस. किती हजार टिपणांत मी त्याला एक गुण दिला असेल — मुलीनं सांगितलं, बायकोनं सांगितलं, एक. ते माणूस खरं बोललं की नाही, याचा रकाना आमच्या तक्त्यात नाही. मला कधी सुचलंही नाही की असावा.

मी सगळं नीट सांगितलं. वय, काम, खताची धूळ, खोकला कधीपासून, वजन किती उतरलं. डॉक्टरीण म्हणाली, वा, फार व्यवस्थित सांगता. मग तिनं विचारलं, भंडाऱ्यातल्या तपासणीच्या आधी कधी छातीचा एक्स-रे काढला होता?

लिफाफा माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होता.

मी म्हणाले, "नाही."

दादाचे डोळे उघडे होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर मला आज झोप लागली असती. लहानपणी मी बोडीच्या तळ्यावर जाऊन पाण्यात उतरायची आणि घरी खोटं सांगायची, तेव्हा तो असा बघायचा. मग त्यानं डोळे मिटून घेतले. डॉक्टरिणीनं लिहून टाकलं, आधीची तपासणी नाही. लिहिलं नाही ते झालंच नाही.

आणि मग ती वहिनीकडं वळली. सहा महिने खोकला, आणि एक साधा एक्स-रे काढला नाही? घरात राहता तुम्ही, सहा महिने काय बघत होता? वहिनीनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते, हातभर अंतरावर.

मोठे डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, पावसाळ्यात कळलं असतं तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. आता पसरलंय. मी मान डोलावली. मला 'आता पसरलंय' हे ऐकू आलं नाही, पहिलंच वाक्य ऐकू आलं.

त्याच आठवड्यात, एका सकाळी मास्क थोडा वेळ काढला होता, वहिनी खाली औषध आणायला गेली होती. मी त्याचा फोन हातात घेऊन बसले होते. तो संदेश मी तोवर पुसला होता, त्याच्याही फोनवरून आणि माझ्याही. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार. मी तयार होते — नाही, तयार नव्हते, पळून जाणार होते.

तो म्हणाला, "तुह्या नोकरीले तं काई होनार नाही ना याच्यानं?"

मी म्हणाले, नाही दादा.

"मंग बरं," तो म्हणाला. "कोनाले सांगू नको." आणि खोकला आला, नर्सनं मास्क लावला.

त्याला वाटलं होतं की डॉक्टरच्या कागदात माझी चूक लिहिली गेली तर अमेरिकेतले लोक मला काढून टाकतील. माझ्या कामाचं एवढंच त्याला कळायचं. मरायला टेकलेला माणूस माझ्या नोकरीची काळजी करत होता. काय करू मी या वाक्याचं? कुठं ठेवू? त्यानं 'सांगू नको' म्हटलं म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं आहे. त्यानं म्हणायच्या आधीच मी संदेश पुसला होता.

होळीच्या आधी तो गेला.

तेराव्याला घर भरलं होतं. बाया आत बसल्या होत्या, आणि कुणीतरी विचारलं, इतकं होईपर्यंत कळलं कसं नाही? आई तोवर बोलली नव्हती. ती वहिनीकडं बोट करून म्हणाली, "हिनं माह्या पोराकडं पाह्यलंच नाही. पाह्यलं असतं तं तो असता." कुणी हूं केलं, कुणी च्च केलं, एकीनं लेकरू नाही तेही काढलं. जे दादानं जन्मभर कुणाला बोलू दिलं नव्हतं, ते तो गेल्यावर तेराव्या दिवशी बोललं गेलं. मी पत्रावळी पुसत होते. एक, दुसरी, तिसरी. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं सगळं. मी पुढची पत्रावळ घेतली.

वहिनी उठून आत गेली आणि भाताचं पातेलं उतरवलं.

तेव्हापासून त्या घरात दोन चुली आहेत. आई पुढच्या खोलीत वेगळं शिजवते, या वयात, थरथरत्या हातानं, पण सुनेच्या हातचं खात नाही. वहिनी दुकान चालवते, शेती करवून घेते, रोज सकाळी आईच्या दारात पाण्याची बादली भरून ठेवते. आई ते पाणी घेते, पण बोलत नाही. गावात वहिनीला हळदी-कुंकवाला तसंही आता कोण बोलावणार. पण साध्या बारशालाही बाया आधी मागं-पुढं बघतात. नवऱ्याकडं लक्ष न देणारी बाई, असं तिच्या नावाला चिकटलं आहे. ते माझ्या नावाचं आहे. मी ते तिच्या अंगावर टाकलं आणि भंडाऱ्याला निघून आले.

आणि ती मला काय करते? नवं धान निघालं की तांदळाचं पोतं बसवर टाकून देते. मला म्हणते, पोरगी माहेराला तुटायला नको.

गेल्या महिन्यात गेले होते. आम्ही दोघी मागच्या अंगणात धान वाळवत होतो. ती मधेच थांबली, फावडी टेकवून उभी राहिली, आणि आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "शीलाबाई, मले एकच गोष्ट खाते. घरात तुमच्यासारखी समजदार बाई. मी त्यायले एकदाबी म्हटलं नाही का एखांदा फोटो काढून शीलाबाईले दाखवा. तुमी पाह्यलं असतं तं लगेच ओळखलं असतं. चूक माहीच आहे. मामीजी म्हनते ते खोटं नाही." आईला, म्हणजे तिच्या सासूला, ती मामीजी म्हणते.

मी तिथंही सांगितलं नाही. ऊन लागतंय म्हणाले आणि आत गेले.

पिवळा लिफाफा माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या खाली. फाडावासा वाटला, फाडता आला नाही. काम मी अजून करते. तीन जमले की हात थांबतो, अजूनही थांबतो. मग मी चौथा कागद उघडते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यानं कुणाचं काही होत नाही. ते पेशंट माझे कुणी नाहीत.

त्या दिवशी डॉक्टरिणीनं जी हकीकत विचारली होती, ती तिला सांगायची राहिली. ती इथं लिहिते.

पेशंट पुरुष, राहणार अड्याळ, धंदा खताचं दुकान आणि शेती. उन्हाळ्यापासून खोकला. बायको वारंवार दवाखान्यात चला म्हणत होती. आषाढात पेशंट स्वतः पवनीला गेला, चार तपासण्या केल्या. छातीच्या एक्स-रेत सावली दिसली होती, तसं कागदावर लिहिलं होतं. पेशंटनं चारही कागद बहिणीला पाठवले आणि डॉक्टरसाठी थांबू का, म्हणून विचारलं. बहिणीनं तीन पाहिले. चौथा उघडला नाही. थांबू नको, म्हणाली. पुढं विचारल्यावर, एक्स-रे काढलाच नव्हता, असं सांगितलं. बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं, अजून नाही.

हकीकत सांगणारी — पेशंटची बहीण.